गडद भिंतीचा डबा: लक्झरी इमल्शनच्या ठसठशीत शेड कितपत निभावतात?

हॉलमधली एक भिंत गडद करायची ठरली की घरातली सगळी चर्चा शेड कार्डाभोवती फिरते. मोरपंखी की विटकरी, राणी की मोहरी. डब्यात काय भरलंय हे कोणी विचारत नाही, आणि काम फसतं ते तिथंच. एशियन पेंट्सचं रॉयल, ड्युलक्सचं वेल्वेट टच, बर्जरचं सिल्क, नेरोलॅकचं इम्प्रेशन्स आणि २०२४ मध्ये बाजारात उतरलेल्या बिर्ला ओपसची वरच्या दर्जाची इमल्शन्स (पाण्यात मिसळणारे भिंतीचे रंग) यांच्यात फिकट शेडपुरतं डावं-उजवं करणं कठीण आहे. गडद शेड घेताना तर ब्रँड मागे पडतो. बेस कोणता, त्यात रंगद्रव्य कोणतं आणि पृष्ठभाग मॅट की चकाकीचा, यावर भिंत ठरते.

आधी निकाल सांगून टाकू. काव, विटकरी, मोहरी, चॉकलेटी, काळपट निळा, बाटलीचा हिरवा हे रंग पैसे वसूल करतात. शुद्ध लाल, लिंबू पिवळा, झेंडूचा केशरी आणि राणी हे शेड कार्डावर जितके भुरळ घालतात तितकेच भिंतीवर छळतात. का, ते समजायला डबा उघडावा लागतो.

बेसची भानगड

दुकानातलं कलर मशीन रंग तयार करत नाही, तयार बेसमध्ये रंगद्रव्याची धार सोडतं. फिकट शेडच्या बेसमध्ये टिटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड भरपूर असते. खालचा रंग झाकण्याची ताकद तिचीच. गडद शेडच्या बेसमध्ये ती नावापुरती असते किंवा नसतेच, नाहीतर लाल मागितला की गुलाबी हातात पडेल. मशीनखाली जाण्याआधी असा डबा पाहायला मिळाला तर पाहा. आत पातळ दह्यासारखा दुधाळ द्रव दिसतो, पण काचेवर बोटभर ओढून वाळू दिला की तो जवळजवळ पारदर्शक होतो. म्हणजे भिंत झाकायची सगळी जबाबदारी रंगद्रव्यावर येते. हे डबे थोडे रिकामेही ठेवलेले असतात, कारण गडद शेडला रंगद्रव्य पुष्कळ ओतावं लागतं आणि त्याला जागा हवी. बिलात गडद शेड महाग पडते तीही या रंगद्रव्यामुळे, तेव्हा ‘एकाच कंपनीचा एकच माल, मग भाव वेगळा कसा’ म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

रंगद्रव्यांच्या दोन जाती लक्षात ठेवाव्यात. लोहाच्या ऑक्साइडची लाल, पिवळी, तपकिरी रंगद्रव्यं आणि कार्बनची काळी ही झाकायला दणकट आणि उन्हालाही टिकाऊ. रसायनशाळेत बनलेली चमकदार लाल, पिवळी, केशरी, राणी ही सेंद्रिय रंगद्रव्यं दिसायला झगझगीत, पण बहुतेक अर्धपारदर्शक. पांढऱ्या भिंतीवर त्यांचा पहिला हात मारला की रोलरचा प्रत्येक पट्टा वेगळा दिसतो, आणि रंगारी हमखास म्हणतो, ‘वाळल्यावर बसेल.’ बसत नाही. तिसरा हात लागतो, लिंबू पिवळ्याला कधीकधी चौथाही.

चुन्याच्या जमान्यात ही निवड आपोआप होत असे. चुना तिखट अल्कली असल्यामुळे बहुतेक रंग त्यात मरायचे. उरायचे ते काव, पिवडी, नीळ आणि काजळी. कोकणातल्या घरांचे गेरूचे पट्टे आणि सिंधुदुर्ग-गोव्यातल्या देवळांवरची कावी चित्रं याच मातीतून आली. आजच्या मशीनमधल्या नळ्यांतही लाल ऑक्साइड, पिवळं ऑक्साइड आणि काळा आहेतच, आणि गडद भिंतीला आजही तेच सर्वांत कमी त्रास देतात. निळे-हिरवे बहुधा नवीन रसायनांचे असतात, पण त्यांचा जोर जबर असतो. थोडा काळा मिसळला की दोन हातांत भिंत झाकतात.

दुकानात ओळखायचं कसं? शेडचा नंबर टाकला की मशीनच्या पडद्यावर कोणतं रंगद्रव्य किती, याची यादी येते. ती बघू द्या म्हणायला लाजू नका. ऑक्साइड आणि काळ्याचा वाटा मोठा दिसला तर दोन हात धरा. नुसता चमकदार लाल किंवा पिवळा दिसला तर तीन धरा आणि खाली रंगीत प्रायमर लावायचं ठरवा. पांढऱ्या वॉटर-बेस प्रायमरमध्ये लालासाठी मध्यम राखाडी आणि पिवळ्या-केशरीसाठी फिकट पिवळसर छटा घालून घेतली की वरचा एक हात सरळ वाचतो. त्याच यादीचं स्टिकर झाकणावर लागतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

एका भिंतीचा हिशेब

१० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ९५ चौरस फूट. वरच्या दर्जाच्या इमल्शनचा दोन हातांचा फैलाव साधारण १३० ते १५० चौरस फूट प्रतिलिटर सांगितला जातो, पण तो गुळगुळीत भिंतीचा आणि नेटक्या हाताचा आकडा. प्रत्यक्षात ११० धरा. ऑक्साइडच्या शेडला १ लिटर पुरतो, तळाला टचिंगपुरता उरतो. तिसरा हात लागणारी शेड असेल तर सव्वा ते दीड लिटर जातो, म्हणजे दोन डबे. ते एकाच वेळी, एकाच मशीनवर करून घ्या आणि लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. मशीनच्या तोंडाशी रंगद्रव्य वाळून बसलं असेल तर एखादी धार कमी पडते. फिकट शेडमध्ये तो फरक दडून जातो, गडद भिंतीच्या मधोमध मात्र उभी शिवण घातल्यासारखा दिसतो.

डबा हलवण्याच्या यंत्रातून बाहेर आला की झाकण उघडायला लावा. काठाला कच्च्या रंगद्रव्याची रेघ दिसली तर पुन्हा हलवायला सांगा. मग शेड कार्डाच्या कोपऱ्यावर एक बोट लावून पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना दुधाळ आणि फिकट दिसतं, वाळल्यावर गडद होतं. ओल्या रंगावरून ‘शेड चुकली’ म्हणून आणखी रंगद्रव्य टाकायला लावणारे गिऱ्हाईक रोजचे, आणि एकदा टाकलेलं परत काढता येत नाही.

नमुन्याची छोटी बाटली मिळत असेल तर तिचे पैसे द्यायला कुरकुर करू नका, या सगळ्या खरेदीतली सर्वांत फायद्याची वस्तू ती आहे. फक्त ती भिंतीवर वीतभर फासू नका. जुन्या रंगाच्या शेजारी डोळा फसतो, शिवाय तो डाग नंतर घासून सपाट करावा लागतो. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर किंवा प्लायच्या तुकड्यावर दोन हात द्या, कडेनं दोन इंच पांढरा काठ सोडा आणि तो तुकडा खोलीभर फिरवा. सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून.

रात्रीची पाहणी कोणी करत नाही, आणि फसगत तिथंच होते. बहुतेक घरांत ६५०० केल्विनची पांढरीफट्ट एलईडी पट्टी असते. तिच्याखाली मोहरीचा रंग हिरवट-मळकट दिसतो, विटकरीतली लाली जाऊन तपकिरी उरते. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात हे दोन्ही खुलतात, पण तिथं काळपट निळा सरळ काळा होतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे दिवा रंग कितपत खरे दाखवतो याचा, आकडा असतो. ८०चे दिवे लाल रंगाला न्याय देत नाहीत, ९०चे देतात. विटकरी भिंतीसाठी दोन दिवे बदलणं हे चौथ्यांदा शेड बदलण्यापेक्षा स्वस्त.

मॅट की चकाकी

गडद रंगात आमचं मत स्पष्टपणे मॅटच्या बाजूनं आहे, एक अट सांभाळून. चकाकीच्या इमल्शनवर लांबीतला (रंगाखालच्या पुट्टीतला) प्रत्येक खळगा, पट्टीची प्रत्येक रेघ आणि रोलरचा प्रत्येक जोड दिसतो. ऑफ-व्हाइट भिंतीवर जे कुणाच्या डोळ्यात येत नाही ते नेव्ही निळ्यावर लख्ख दिसतं. खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर तर उजेड तिरपा पडतो, तेव्हा मॅटसुद्धा उघडं पडतं. म्हणून गडद रंगासाठी खिडकीसमोरची भिंत निवडा. उजेड तिच्यावर सरळ पडतो, रंग खुलतो, खळगे लपतात. खिडकी ज्या भिंतीत आहे ती गडद करू नका. बाहेरच्या झळाळीमुळे ती दिवसभर काळी दिसते आणि डोळ्यांना त्रास होतो.

अट तेलाची. मॅटवर हाताचा तेलकटपणा बसतो, आणि तो पुसायला घासलं की घासलेली जागा चकाकते. पलंगाच्या डोक्याकडची भिंत गडद मॅट केली आणि मध्ये हेडबोर्ड नसेल तर खोबरेल तेलाचं डोकं सहा महिन्यांत गोल डाग उमटवतं. तिथं मंद चकाकीचं इमल्शन घ्या किंवा साडेतीन-चार फूट उंचीपर्यंत लाकूड वा कापडाचं पॅनेल बसवा. पॅसेज, बटनांच्या आजूबाजूची जागा, जेवणाच्या टेबलाची मागची बाजू यांनाही मॅट नको. स्वयंपाकघरात तर गडद भिंतच नको. फोडणीचा राप गडद रंगावर धुळीसकट चिकटतो आणि करडा दिसतो.

टचिंगची अपेक्षा ठेवू नका. गडद मॅटवर ब्रशनं लावलेला ठिपका वेगळाच दिसतो, कारण आधीचा हात रोलरचा असतो. खरवड मोठी असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा एक हात घेते. सोफ्याची पाठ भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवणं हा यावरचा एकमेव उपाय.

ओल, लोणा आणि जुलै

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथं गडद भिंतीचा खरा शत्रू पाऊस. बाहेरची पश्चिम भिंत किंवा बाथरूमला लागून असलेली भिंत ओल धरत असेल तर लांबीतले आणि प्लॅस्टरमधले क्षार वर येतात. पांढऱ्या भिंतीवर हा लोणा महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, विटकरीवर आठवड्यात पांढरी बुरशी आल्यासारखा फुलतो. वर कितीही महाग इमल्शन फासलं तरी लोणा थांबत नाही. डबा घेण्याआधी दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतून दव दिसलं किंवा भिंत काळवंडली, तर आधी गळती शोधा. नव्या प्लॅस्टरला किमान २८ दिवस वाळू द्या. घरातल्या घरात दोन खोल्यांमधली भिंत गडद रंगासाठी सर्वांत सुरक्षित.

पावसाळ्यात रंग दिलाच तर पहिल्या पंधरवड्यात भिंतीवर तपकिरी, चिकट ओघळ उतरलेले दिसू शकतात. घाबरू नका. रंगद्रव्याबरोबर आलेले साबणासारखे घटक दमट हवेत पृष्ठभागावर येतात, तेच हे ओघळ. गडद शेडमध्ये रंगद्रव्य जास्त, म्हणून हा प्रकारही जास्त. रंग पक्का झाल्यावर साध्या पाण्यानं हलक्या हातानं पुसले की जातात. ओल्या फडक्याला थोडा रंग लागणंही या काळात नेहमीचं, म्हणून पहिला महिना भिंत धुवायची नाही.

रंगाऱ्याला काय सांगायचं

जुना डिस्टेंपर असेल तर तो पूर्ण खरवडून काढा. त्यावर मारलेलं इमल्शन पोपड्यांसकट येतं. लांबीचे दोन हात, १८० आणि मग ३२० नंबरच्या कागदानं घासणं, आणि घासल्यावर ओल्या फडक्यानं धूळ पुसणं. हे शेवटचं काम नेहमी टाळलं जातं, आणि नंतर मास्किंग टेप काढताना लांबीची पूड रंगासकट टेपला चिकटून येते. मग दोष टेपला. अंधार करून बॅटरीचा झोत भिंतीला समांतर धरा आणि खळगे पेन्सिलीनं खुणा करून भरून घ्या.

गडद रंगात पाणी मारणं हा सर्वांत महागाचा काटकसरीपणा. डब्यावर पाण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, त्याच्या खालच्या टोकाला राहा. ९ इंची मायक्रोफायबर रोलर, ८ ते १० मिलीमीटर लवीचा. कडा ब्रशनं दोन-तीन इंच काढायच्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर भिडवायचा. तीन-तीन फुटांचे उभे पट्टे, वरून खाली, मध्ये चहा नाही. पंखा बंद. पंख्याखाली कड वाळते, पुढचा पट्टा तिच्यावर चढतो आणि जोड कायमचा दिसतो. दोन हातांमध्ये चार तास.

पांढऱ्या छताशी रेघ धारदार हवी असेल तर एक युक्ती आहे. टेप लावा, तिच्या कडेवर आधी छताचाच पांढरा रंग पातळ फिरवा, वाळू द्या, मग गडद रंग. फटीत शिरायचा तो पांढरा शिरतो आणि गडद रंगाला वाट उरत नाही. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप स्वतःवर दुमडून, तिरकी ओढत काढा.

काठ आणि पदर

एक भिंत गडद केल्यावर उरलेल्या खोलीचं काय करायचं, याचं उत्तर पैठणीत आहे. अंग एका रंगाचं, काठ विरोधी रंगाचे पण अरुंद, आणि पदर एकाच टोकाला. गडद भिंत हा पदर. उरलेल्या तीन भिंती अंग, त्या गडद रंगाच्याच जातीच्या पण फिकट हव्यात. विटकरीबरोबर निळसर पांढरा घेतला तर भिंत चिकटवल्यासारखी वाटते, कोमट, म्हणजे पिवळसर झाकेचा, पांढरा घेतला तर बसते. काठ म्हणजे उशा, पडद्याची पट्टी, एखादी खुर्ची. बाटलीच्या हिरव्यासमोर कुंकवाच्या रंगाचे खणाचे अभ्रे झकास दिसतात, फक्त खण पहिल्या धुण्याला रंग सोडतो म्हणून वेगळा धुवा. पितळेची समई किंवा तांब्याचा घंगाळ काळपट निळ्यासमोर जितका उठतो तितका पांढऱ्यासमोर कधीच उठत नाही. सागवानाचं कपाट मात्र चॉकलेटी भिंतीत बुडून जातं, त्याच्यामागे मोहरी किंवा हिरवा घ्या. दोन पदर काढू नका. टीव्हीची भिंत मोरपंखी आणि समोरची राणी, असे हॉल फोटोत छान दिसतात, राहायला दमवतात.

लांबट हॉलमध्ये टोकाची अरुंद भिंत गडद केली तर ती जवळ आल्यासारखी वाटते आणि खोली बेताची दिसते. लांब भिंत गडद केली तर तोच हॉल पॅसेज होतो. उजेडाचाही विचार हवा. ऑफ-व्हाइट भिंत पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकते, नेव्ही निळी जेमतेम ५ टक्के. एकच खिडकी असलेल्या खोलीत हा फरक लगेच जाणवतो.

भिंत नकोच असेल तर

टेक्श्चर पेंटचं कौतुक आमच्याच्यानं होत नाही. खाचांत धूळ बसते, पुसता येत नाही, आणि काढायचं म्हटलं तर लांबीपर्यंत खरवडावं लागतं. वॉलपेपरचा नेहमीचा रोल ५७ चौरस फुटांचा, ९५ चौरस फुटांच्या भिंतीला दोन रोल. नक्षी जुळवण्यात वाया जाणारं त्यातच बसवावं लागतं, म्हणून मोठी नक्षी असेल तर आधी मोजून घ्या. कोरड्या पुण्यात ठीक, किनारपट्टीवर खळीला बुरशी धरते.

स्वस्त आणि मस्त पर्याय आतल्या दाराचा. ७ बाय ३ फुटांच्या दाराच्या दोन्ही बाजू मिळून ४२ चौरस फूट, म्हणजे अर्धा ते पाऊण लिटर एनॅमल. मोहरीचं किंवा मोरपंखी दार पांढऱ्या पॅसेजचं रूप पालटतं आणि नाही आवडलं तर एका रविवारात बदलतं. पाण्यावर आधारित एनॅमल घ्या, टर्पेंटाइनचा वास नाही आणि पांढऱ्या चौकटीचा पिवळेपणाही टळतो. फक्त ते हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला आठवडा घेतं. तोवर दार चौकटीत घट्ट बंद केलं, विशेषतः पावसाळ्यात, तर रंग चौकटीला चिकटून सालासारखा निघतो. कडेला मेणकागदाची पट्टी घालून दार ओढून घ्या. बाहेरच्या दाराचा रंग बदलण्याआधी सोसायटीचा नियम पाहा.

भाड्याच्या घरात गडद भिंत करताना परतीचा खर्चही धरा. गडदावरून पांढऱ्यावर यायला प्रायमरचा एक हात आणि पांढऱ्याचे दोन, लालावरून तीन.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला तर आतल्या हवेनं त्यावर साय धरते. तो काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरा, झाकणावर शेडचा नंबर, खोली आणि तारीख लिहा, आणि बरणी गॅलरीच्या उन्हात नाही, कपाटाच्या तळाशी ठेवा. वापरण्याआधी जुन्या मोज्यातून गाळून घ्या.